नळी कुणाच्या हातात?

पायाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिन्या कुणी उघडायच्या, यावरून डॉक्टरमंडळींत एक भांडण बरीच वर्षं धुमसतं आहे. व्हॅस्क्युलर सर्जन म्हणतात, रक्तवाहिन्या हा आमचा प्रांत. कार्डिऑलॉजिस्ट म्हणतात, हृदयाच्या तीन मिलिमीटरच्या धमनीत आम्ही रोज तार घालतो, मांडीची धमनी आम्हाला काय अवघड? इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत नळीतून उपचार करणारे, म्हणतात, मुळात हा शोधच आमचा, तुम्ही दोघं मध्येच कुठून आलात? तुमच्याआमच्या घरांत मात्र वेगळाच वाद चालतो. एक बाजू म्हणते, आता बिनटाक्याचा उपचार आला, कापाकापीचे दिवस गेले. दुसरी म्हणते, स्टेंट म्हणजे निव्वळ लूट, आधी बिलाचा आकडा बघा. मी सर्जन नाही आणि कार्डिऑलॉजिस्टही नाही, त्यामुळे यात माझं दुकान नाही. बाहेरून बघताना मला वाटतं की दोन्ही वाद भलत्याच प्रश्नावर चालले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धमनीच्या आतून करायचे उपचार, म्हणजे अरुंद धमनी रुंदावणारा फुगा, ती उघडी ठेवणारी जाळी म्हणजे स्टेंट, महाधमनीत आतून बसवायची कृत्रिम नळी, हे अशाच रुग्णालयीन विभागात व्हावेत, जो विभाग उद्या गरज पडली तर बायपास करू शकतो, सडलेलं बोट काढू शकतो आणि ‘याला तूर्त काहीच करू नका, तंबाखू सोडायला लावा आणि चालायला लावा’ असंही ठामपणे सांगू शकतो. त्या विभागात तार हातात धरणाऱ्याच्या नावापुढे कोणती पदवी आहे, हा माझ्या लेखी दुय्यम मुद्दा आहे.

आधी आजार नीट पाहू, कारण वाद घालणारे बहुतेक जण त्याच्याविषयी बोलतच नाहीत. पायाच्या धमन्यांत चरबी आणि चुन्याचा थर साचत जातो. सुरुवातीला माणूस काही अंतर चालला की पोटरी भरून येते, थांबला की बरं वाटतं. या टप्प्यावर बहुसंख्यांचा पाय जाणार नसतो. पुढच्या टप्प्यात रात्री झोपेत पाय ठणकतो आणि माणूस पलंगावरून पाय खाली सोडून बसतो, कारण तेवढ्यानेच थोडं रक्त खाली उतरतं. त्यानंतर न भरणारी जखम, काळं पडलेलं बोट, गँगरीन. मधुमेह असला तर मधले टप्पे कळतही नाहीत, कारण पायाची संवेदनाच गेलेली असते. चपलेत खडा गेला, चिघळला, आणि घरच्यांना कळलं तेव्हा बोट काळं. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला. यातल्या थोड्या टक्क्यांचे पाय धोक्यात आले तरी तो आकडा केवढा होतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. त्यात आपल्याकडे बिडी आणि तंबाखू. पंचविशी-चाळिशीतल्या, अंगमेहनतीवर पोट असलेल्या पुरुषांची बोटं एकामागून एक घेणारा बर्जरचा आजार पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत अर्ध्या पानात आटोपतो. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत मात्र तो ओळखीचा आहे.

आता सर्जनांच्या विरोधातली बाजू. ती मी जमेल तितकी जोरकस मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे.

१६ जानेवारी १९६४. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिऑलॉजिस्टसमोर ८२ वर्षांच्या एक बाई होत्या. पायाला गँगरीन लागलेलं, सर्जनांनी पाय कापायला सांगितलेला, आणि बाई ठाम नकार देऊन बसलेल्या. डॉटरने मांडीच्या धमनीतल्या चिंचोळ्या जागेतून आधी तार आणि तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवल्या, वाट मोठी केली. पाय पुन्हा ऊबदार झाला, जखमा भरल्या, आणि पुढची दोन-अडीच वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्या बाई स्वतःच्या दोन पायांवर चालल्या. सर्जनांनी याचं स्वागत कसं केलं? डॉटरकडे तपासणीसाठी रुग्ण पाठवताना एका सर्जनने चिठ्ठीवर बजावलं होतं की फोटो काढा, दुरुस्तीच्या फंदात पडू नका. अमेरिकेने डॉटरला वेड्यात काढलं. त्याची पद्धत रुजली ती युरोपात. तिथेच आंद्रेआस ग्रुंट्सिगने १९७४ मध्ये पायाच्या धमनीत फुगा फुगवला आणि सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिकला हृदयाच्या धमनीत. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं या नळीला नाकं मुरडली, त्यांच्याच वारसांनी आज ‘ही आमची’ म्हणावं, हे रेडिऑलॉजिस्टला झोंबत असेल तर त्यात त्याचं काय चुकलं?

यात हृदयाचा दाखलाही येतो. हार्ट सर्जनांनी अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी उघडणं, तुच्छ मानली, कार्डिऑलॉजिस्टने ती उचलली, आणि आज जगभर अँजिओप्लास्टी बायपासच्या कित्येक पटींनी होतात. सुरुवातीला नियम असा होता की अँजिओप्लास्टी करायची तर शेजारच्या थिएटरमध्ये सर्जन तयार हवा. पुढे स्टेंट आले, सुधारले, आणि ती अट बहुतेक ठिकाणी गळून पडली. आभाळ कोसळलं नाही. मग पायाच्या बाबतीतच सर्जन जवळ हवा, विभाग हवा, हा हट्ट कशासाठी?

प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टी सोयीस्करपणे गाळलेल्या असतात. पहिली अशी की ग्रुंट्सिगने १९७७ मध्ये तो पहिला फुगा फुगवला तेव्हा ओके सेनिंग हा त्या काळचा नामांकित हार्ट सर्जन त्याच्या पाठीशी उभा होता, काही बिघडलंच तर छाती उघडायच्या तयारीने. नवं तंत्र सुरक्षितपणे रांगायला लागलं ते जुन्या तंत्राचं बोट धरून. दुसरी गोष्ट नंतरची. तिन्ही धमन्या खराब असलेल्या रुग्णांत नुसत्या स्टेंटवर भागत नाही, हे सिंटॅक्ससारख्या मोठ्या चाचण्यांतून दिसल्यावर युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांनीच ‘हार्ट टीम’ची शिफारस केली: अवघड रुग्णाचा निर्णय कार्डिऑलॉजिस्ट आणि सर्जन यांनी एकत्र बसून घ्यावा. म्हणजे ज्या शाखेचा दाखला देऊन विभागाची गरज नाकारली जाते, ती शाखा स्वतः फिरून एकत्र बसण्याकडेच आली. आपल्याकडे किती रुग्णालयांत ती टीम खरोखर बसते आणि किती ठिकाणी ती फक्त फाइलमधली सही असते, हा वेगळा आणि दुखरा विषय.

मला हृदयापेक्षा जवळचा वाटतो तो पित्ताशयाचा दाखला. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ती पहिली शस्त्रक्रिया. तेव्हाही हेच सगळं झालं होतं. ‘की-होल’ म्हणून थट्टा, ‘श्रीमंतांची चैन’ म्हणून टीका, आणि दुसऱ्या टोकाला आंधळं कौतुक. जगभर सुरुवातीच्या काळात पित्तनलिका कापली जाण्याचं प्रमाण वाढलंही. तरीही हे तंत्र रुजलं आणि वाचलं, कारण ते त्याच हातांत राहिलं ज्यांना पोट उघडता येत होतं. दुर्बिणीतून नीट दिसत नाही असं वाटलं की सर्जन ती बाजूला ठेवून सरळ पोट उघडायला मोकळा होता. त्यात त्याला कमीपणा नव्हता, दुसऱ्या विभागाला फोन करायचा नव्हता, रुग्ण ‘हातचा जाणार’ ही भीतीही नव्हती. मागे फिरण्याची वाट त्याच माणसाकडे होती. पायाच्या धमनीत तार अडकते, धमनीचा आतला पापुद्रा सुटतो, गुठळी खाली सरकते, तेव्हा मागे फिरण्याची वाट कुणाकडे आहे, हाच प्रश्न मी विचारतो आहे.

चाचण्या काय सांगतात? इथे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचा एकच कागद खिशात घेऊन फिरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाय गमावण्याच्या उंबरठ्यावरचे १,८३० रुग्ण. ज्यांच्या पायात बायपाससाठी चांगली शीर उपलब्ध होती, त्यांच्यात पायावरचं मोठं संकट किंवा मृत्यू यांचं प्रमाण आधी बायपास केलेल्यांत ४२.६ टक्के, तर आधी आतून उपचार केलेल्यांत ५७.४ टक्के. सर्जनांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. पुढच्या काही महिन्यांतच, २०२३ मध्ये, ब्रिटनमधली बॅसिल-२ ही चाचणी आली. तिच्यात गुडघ्याखालच्या धमन्या खराब असलेले ३४५ रुग्ण होते आणि निकाल उलटा: पाय जाणं किंवा मृत्यू, आधी बायपास केलेल्यांत ६३ टक्के, आधी फुगा वापरलेल्यांत ५३. आता पेढे दुसऱ्या दारात. पण ज्याला रुग्णाचं हित बघायचंय त्याने या दोन कागदांतून काय घ्यायचं? मी एवढंच घेतो की कुठला रुग्ण बायपासचा आणि कुठला फुग्याचा, हे धमनीचा आजार कुठे आहे, शीर कशी आहे, हृदय-मूत्रपिंडं किती साथ देतील, जखम किती खोल आहे, यावर ठरतं. म्हणजे निवड महत्त्वाची. आणि निवड कोण करू शकतो? ज्याच्याकडे दोन्ही पर्याय आहेत तोच. ज्याला एकच येतं, तो निवड करत नाही. त्याच्या दारात आलेल्या प्रत्येकाला तेच मिळतं. हे बायपासखेरीज काही न येणाऱ्या जुन्या सर्जनलाही तितकंच लागू आहे.

‘आधी फुगा तर मारून बघू, नाही जमलं तर बायपास आहेच’ हे वाक्य फार ऐकू येतं. वरवर शहाणपणाचं वाटतं. पण ‘आहेच’ हे गृहीत कशावर धरलं? बायपास म्हणजे अडथळ्याच्या वरून, खालच्या चांगल्या धमनीपर्यंत टाकलेला पूल. पुलाची दोन्ही टोकं टेकवायला चांगली जागा लागते. जांघेतली मुख्य धमनी आणि गुडघ्यामागची धमनी या त्यासाठी फार मोलाच्या जागा. शिवाय दोन्ही जागा सांध्याच्या आहेत, दर पावलाला वाकतात. तिथे बसवलेला स्टेंट चेपतो, मोडतो. म्हणून जाणकार तिथे शक्यतो स्टेंट घालत नाहीत. पण ज्याने आयुष्यात पूल बांधलेला नाही, त्याला आपण पुलाचं टोकच बुजवतोय हे जाणवणार कसं? त्याच्या पडद्यावर चित्र उत्तम दिसतं. रंग खालपर्यंत वाहतो. रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो. सहा महिन्यांनी स्टेंट बंद पडतो आणि तेव्हा सर्जनकडे आलेल्या माणसाला टाका घ्यायला जागाच उरलेली नसते.

तीच गोष्ट शिरेची. घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर हे बायपाससाठी सर्वोत्तम साहित्य. कृत्रिम नळी गुडघ्याखाली तिच्या जवळपासही टिकत नाही. पुण्यामुंबईत व्हेरिकोज व्हेन्सच्या लेझरच्या जाहिराती पाहिल्या आहेत ना? त्या लेझरने जाळतात ती बहुतेक वेळा हीच शीर. शीर खरोखर निकामी असेल, पायाला व्रण असेल, तर जाळावी, तो उत्तम उपचार आहे. पण नुसत्या निळ्या रेषा दिसतात म्हणून, धमन्यांचा विचार न करता, साठीतल्या मधुमेही माणसाची ती शीर जाळणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांची शिदोरी आजच संपवणं. धमनी आणि शीर दोन्ही एकाच विभागाने बघण्याचं कारण इतकं साधं आहे.

आणि धमनी उघडली म्हणजे पाय वाचला असं तरी कुठे आहे? या वादात सगळ्यांत कमी बोललं जातं ते जखमेबद्दल, आणि खरा कस तिथेच लागतो. रक्त पोचल्यावर मेलेला भाग काढावा लागतो, कुठे थांबायचं ते बोटाने आणि डोळ्याने ठरवावं लागतं. पू तळपायात खोल शिरला असेल तर तो त्याच रात्री मोकळा करावा लागतो. मग आठवड्यांमागून आठवडे ड्रेसिंग, पायावर भार येऊ नये म्हणून खास चप्पल किंवा प्लास्टर, साखरेवर नियंत्रण, आणि जखम भरत नसेल तर पुन्हा डोप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, पुन्हा विचार. मधुमेह्यांच्या धमन्या चुन्याने इतक्या कडक होतात की घोट्यापाशी मोजलेला दाब खोटा, जास्तच दिसतो. अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. या गोष्टी चकचकीत नाहीत. त्यांचं पॅकेज नाही, त्यांचा व्हिडिओ निघत नाही. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे तार-नळीच्या उपचारांच्या खोलीत, उघडलेली धमनी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जनरल सर्जरी वॉर्डात सडत पडलेलं बोट यांची एकमेकांशी गाठच पडत नाही, असं किती ठिकाणी घडतं! धमनी उघडली त्या दिवशीचा अहवाल ‘यशस्वी’ असतो आणि तीन आठवड्यांनी पाय गुडघ्याखाली कापला जातो, तोही दुसऱ्याच रजिस्टरमध्ये नोंदून.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप, ज्याच्यापुढे मलाही थबकावं लागतं. असे विभाग आहेत कुठे? मुंबई, पुणे, नागपूर आणि आणखी मोजकी शहरं सोडली तर व्हॅस्क्युलर सर्जन दिसत नाही. कॅथ लॅब मात्र आता अनेक जिल्ह्यांच्या गावी आहे. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाला ‘परिपूर्ण विभाग असेल तिथेच जा’ म्हणणं म्हणजे ‘पाय कापून घे’ म्हणण्यासारखंच नाही का? जवळच्या कार्डिऑलॉजिस्टने फुगा फुगवून निदान बोटावर निभावलं, तर आपण कोण त्याला अडवणार?

अडवू नये. पण या आक्षेपातून जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. विभाग नाहीत, म्हणून विभागाची गरज नाही, हे तर्कट झालं. प्रसूतिगृहं नव्हती तेव्हा दाईवर भागवलं, म्हणून कुणी प्रसूतिगृहांची मागणी सोडून दिली नाही. दाईला प्रशिक्षण दिलं आणि सोबतीला रुग्णालयंही उभी केली. इथेही दोन्ही लागेल. जिल्ह्यातल्या कार्डिऑलॉजिस्टने केलेल्या अँजिओग्राफीची चित्रं त्याच दिवशी मोठ्या विभागाकडे जाऊ शकतात. त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान प्रत्येकाच्या खिशात आहे. ‘हा तू कर’, ‘हा आमच्याकडे पाठव’, ‘जांघेत स्टेंट टाकू नकोस’, एवढं तिकडून आलं तरी पुष्कळ. आणि अचानक गुठळी येऊन थंडगार पडलेला पाय, ज्याच्याकडे साधारण सहा तासांची मुदत असते, तो तर मुंबईपर्यंत पोचणारच नाही. त्याच्यासाठी थॉमस फोगार्टीने १९६३ मध्ये जगापुढे आणलेला छोटा फुगा पुरतो: जांघेत छोटी चीर, धमनीत नळी, फुगा फुगवून गुठळी बाहेर. जिल्हा रुग्णालयातल्या जनरल सर्जनला हे शिकवता येतं, त्याला कॅथ लॅबही लागत नाही. गंमत बघा, ही ‘शस्त्रक्रिया’ म्हणायची की ‘आतून केलेला उपचार’? फोगार्टी स्वतः सर्जन, पण साधन नळीचं. ज्या सीमेवरून आज भांडण चाललंय ती साठ वर्षांपूर्वीच पुसट झालेली होती.

विभागाऐवजी एकट्यादुकट्या दुकानांवर सोपवलं तर काय होतं, याचा धडा अमेरिकेने स्वतःच्या खर्चाने घेतला आहे. २००८ च्या सुमारास तिथल्या सरकारी विमा योजनेने रुग्णालयाबाहेरच्या क्लिनिकमध्ये केलेल्या पायाच्या प्रक्रियांना चांगले पैसे द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, रुग्णालयांचा महागडा खर्च वाचवायचा. क्लिनिकांचं पेव फुटलं. धमनीतला थर खरवडून काढणारं उपकरण वापरलं की बिल मोठं, म्हणून खरवडणं वाढलं. ज्यांची पोटरी नुसती चालताना दुखत होती अशांच्याही धमन्या पुन्हा पुन्हा खरवडल्या गेल्या, आणि त्यातल्या काहींचे पाय गेले. २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या वृत्तसंस्थांनी हे सविस्तर उघड केलं. आणि सर्जनबंधूंनी कान देऊन ऐकावं: बातम्यांत आलेल्या डॉक्टरांमध्ये कार्डिऑलॉजिस्ट होते, रेडिऑलॉजिस्ट होते आणि व्हॅस्क्युलर सर्जनही होते. पदवीने कुणाला वाचवलं नाही. चार सहकाऱ्यांसमोर सकाळच्या बैठकीत चित्र लावून ‘हे मी का केलं’ सांगावं लागणं, हे ज्यांच्या आयुष्यातून गेलं, ते घसरले. म्हणून मी पदवीबद्दल नव्हे, विभागाबद्दल भांडतो.

महाधमनीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद निदान शहाण्या पातळीवर झाला. पोटातली महाधमनी फुग्यासारखी फुगते आणि फुटली तर बहुतेक वेळा माणूस जातो. अल्बर्ट आइन्स्टाइनच्या फुगलेल्या महाधमनीभोवती १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जनने सेलोफेन गुंडाळलं होतं. १९५५ मध्ये ती फुटली तेव्हा आइन्स्टाइनने पुन्हा शस्त्रक्रियेला नकार दिला. पुढे पोट उघडून कृत्रिम नळी बसवण्याची शस्त्रक्रिया पक्की झाली, आणि मग आतून नळी बसवण्याचं तंत्र आलं. ते आणलं कुणी? १९८७ मध्ये खारकीव्हला निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत आणि १९९० मध्ये ब्युनॉस आयर्सला हुआन पारोदी यांनी पोटातल्या. दोघेही सर्जन, जुनी शस्त्रक्रिया किती जिवावरची आहे हे हातांनी अनुभवलेले. ब्रिटनच्या चाचणीत पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू पोट उघडल्यावर ४.७ टक्के, आतून नळी बसवल्यावर १.७. फरक प्रचंड. पण तेच रुग्ण पंधरा वर्षं पाहिले तेव्हा सुरुवातीचा फायदा विरून गेलेला, आणि आठ वर्षांनंतर आतली नळी बसवलेल्यांत महाधमनीमुळे मृत्यू जास्त. नळीच्या कडेने रक्त झिरपतं, नळी सरकते, म्हणून जन्मभर दरवर्षी तपासणी. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने मसुद्यातच सुचवलं की न फुटलेल्या महाधमनीला आतली नळी देऊच नका. डॉक्टरांनी आकाशपाताळ एक केलं. मार्च २०२० च्या अंतिम सूचनांत सूर मवाळ झाला: शस्त्रक्रिया झेपणाऱ्याला शस्त्रक्रिया, न झेपणाऱ्याच्या बाबतीत आतल्या नळीचा विचार करा. आकडे सगळ्यांसमोर ठेवून भांडले, म्हणून काहीतरी निघालं. आपल्याकडे मेळघाटातून आलेला माणूस दरवर्षी सीटी स्कॅनला येईल का, हा प्रश्न नळी बसवण्याआधी विचारला जातो का? जो येणार नाही, पण ज्याचं हृदय ठणठणीत आहे, त्याला एकदाच पोट उघडून मोकळं करणं जास्त माणुसकीचं ठरेल. पण हे सांगणाऱ्याला पोट उघडता आलं पाहिजे. आणि ती कला झपाट्याने आटते आहे. नव्या पिढीच्या निवासी डॉक्टरांना उघड्या महाधमनीच्या शस्त्रक्रिया जगभरच कमी बघायला मिळतात, आणि दहा वर्षांपूर्वी आतून बसवलेल्या नळ्या बिघडतील तेव्हा त्या उपटून काढायची शस्त्रक्रिया मूळ शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी अवघड असते.

लूट झाली म्हणणाऱ्यांनाही दोन शब्द. त्यांचा राग खरा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषधवाला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०, तेव्हा आधीच्या बिलांत काय काय दडलं होतं ते सगळ्यांना कळलं. पण ती मर्यादा हृदयाच्या स्टेंटला होती. पायाच्या स्टेंटबद्दल, औषध लावलेल्या फुग्यांबद्दल तशी आरडाओरड झालीच नाही. पाय गमावणारा माणूस बहुधा गरीब आणि मुका असतो, हे त्याचं एक कारण असावं. मात्र रागाच्या भरात ‘स्टेंट म्हणजेच फसवणूक’ म्हणणारे एक विसरतात. ज्याचं हृदय तीस टक्के चालतंय, मूत्रपिंडं थकलीत, अशा सत्तरीतल्या आजोबांना सहा तासांची बायपास झेपणार नाही. जांघेत सुई टोचून, शुद्धीवर ठेवून उघडलेली धमनी हीच त्यांची शेवटची संधी. ती त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे लुटीला उत्तर नव्हे. उत्तर नोंदींत आहे. स्वीडनमध्ये रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९८७ पासून आहे, ब्रिटनमध्ये रुग्णालयनिहाय निकाल जाहीर होतात. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना प्रक्रियेचे पैसे मोजते. तेच संगणक, तोच रुग्ण क्रमांक. सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी त्याच माणसाच्या नावावर पाय कापल्याचं पॅकेज निघालं का, हे त्या यादीतून शोधायला कितीसा खर्च येईल? आणि उलटही शोधावं: ज्यांचे पाय मांडीतून किंवा गुडघ्याखाली कापले, त्यांच्यापैकी कितीजणांची आधी डोप्लर तरी झाली होती? डोप्लर न करता गँगरीनचा पाय कापणं ही विनाकारण घातलेल्या स्टेंटपेक्षा मोठी लूट आहे, पण तिचं बिल छोटं येतं म्हणून तिच्यावर कुणी ओरडत नाही.

राहता राहिली शिकवण्याची बाब. व्हॅस्क्युलर सर्जरीचं एमसीएच किंवा डीआरएनबी हे अतिविशेष शिक्षण घेणाऱ्याला आज बायपास आणि फुगा दोन्ही शिकवायचे असं अभ्यासक्रम सांगतो, पण सरकारी महाविद्यालयांत कॅथ लॅब हृदय विभागाच्या ताब्यात असते आणि सर्जनला तिथे आठवड्यातली एखादी उरलेली दुपार मिळते. या मुलांना तार शिकायची तर खासगीत जावं लागतं आणि चीर शिकायची तर सरकारीत. रेडिऑलॉजीतून आलेल्यांना जखम कधी दिसतच नाही. सुरुवात इथून करता येईल: नव्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी कॅथ लॅबची निविदा काढताना ती कुठल्या एका विभागाच्या नावावर न काढता सामायिक काढायची, आठवड्याचे वार कागदावर वाटून द्यायचे, आणि रेडिऑलॉजी-कार्डिऑलॉजीच्या निवासी डॉक्टरांना दोन महिने पायाच्या जखमांच्या वॉर्डात ड्रेसिंगला उभं करायचं. सर्जनांची कुरकुर होईल, कार्डिऑलॉजिस्टांची त्याहून जास्त होईल.